रात्रभर पुरेल अशी शेगडी

काव्या – दहा बाय दहा नाहीये. जहूरचाचा, लिहू नका ते. लिहिलं असेल तर खोडा.

बाबा – लिही रे तू. दहा बाय दहा.

काव्या – मी टेप लावून मोजलीय, बाबा. साडेसोळा बाय बारा. आणि छत अकरा फूट. अरबाबने, म्हणजे बाबांच्या अरब मालकाने, पाहुण्यांसाठी बांधलेली खोली, तिचं छत ठेंगणं कसं असेल?

जहूर – दगडू, सोळाच्या जागी दहा बोलतो? बाकीची खोली तू खाल्ली काय?

बाबा – पलीकडे सामान आहे. सामानाला शेक कशाला द्यायचा?

काव्या – सामान म्हणजे माझा पलंग, चाचा. सामान म्हणजे मी.

जहूर – थांब बेटी. याला असं विचारायचं नसतं. दगडू, खाटेने सांग. किती खाटा लांब?

बाबा – अडीच.

जहूर – आणि रुंद?

बाबा – दोनला थोडी कमी.

जहूर – बस. पोरगी बरोबर आहे. खाटेत हा खोटं बोलत नाही.

काव्या – खाटेने कोण मोजतं?

जहूर – कॅम्पवाले. इकडे आखातात मजुरांच्या कॅम्पात आमच्या एका खोलीत वरखाली चार डबल खाटा, आठ माणसं. फ्रिज पाव खाट, दरवाजा अर्धी खाट, नमाजची जागा एक खाट. डोंगरावर अरबाबकडे कामाला जायच्या आधी तुझ्या बाबाने अकरा वर्षं दुसरी टेप बघितली नाही.

काव्या – आणि तुमचं मराठी? चित्रालच्या डोंगरातल्या माणसाला ‘सामानाला शेक’ कसं समजतं?

जहूर – आठात पाच मराठी, दोन मल्याळी, एक मी. मी काय करणार? शेवटी मल्याळी लोक पण ‘च्यायला’ बोलायला लागले.

बाबा – पोरीसमोर काय बोलतोस.

काव्या – बाबा, मी दहावीत आहे. मला हे तिसरीपासून येतं.

जहूर – आता कामाचं. रविवारी एक दिवस सुट्टी, ही शेड पण दोस्ताची आहे, संध्याकाळपर्यंत चावी परत द्यायची. आमच्याकडे याला बुखारी बोलतात. ज्याच्या घरी बुखारी लहान, त्याच्या घरी पाहुणा टेकत नाही. पण उगाच मोठी पण करायची नाही, काय? खोलीपेक्षा शेगडी मोठी झाली तर तिचा दम घोटून जाळावी लागते. मग धूर थंड होतो, नळीला आतून डांबर बसतं, आणि एक दिवस नळीच पेटते. म्हणून मी दहा गोष्टी विचारणार. आत्ता कोणती आहे?

काव्या – गॅसच्या सिलिंडरचं पोट कापून केलेली. बाबांनीच केली, आम्ही गावाहून यायच्या आधी. दिसायला क्यूट आहे, खरंच, पेंग्विनसारखी. पण वीतभर लाकूड मावतं तिच्यात. दोन तासांत राख.

जहूर – मग रात्री?

काव्या – तेच तर. रात्री बाबा उठतात. अकराला, एकला, तीनला, पुन्हा साडेचारला. मग सहाला मला उठवतात, आणि पिकअप काढून डोंगर उतरून स्कूल बसपर्यंत सोडतात. सतरा वळणं आहेत, चाचा. मी मोजलीत.

बाबा – सोळा.

काव्या – सतरा. सोळावं तुम्ही झोपेत घेतलं असेल.

बाबा – काव्या.

काव्या – सांगणार मी. मंगळवारी यांना डुलकी लागली. सातव्या वळणावर. चाक कठड्याला घासलं, केवढा आवाज झाला. आणि कठड्याच्या पलीकडे काय होतं माहितेय? ढग. थंडीत सकाळी ढग आमच्या खाली असतात. शहर नाही, समुद्र नाही, नुसतं दूध उतू गेल्यासारखं. एरवी मला इतकं आवडतं ना ते. त्या दिवशी वाटलं, यात पडलो तर आवाजसुद्धा येणार नाही.

जहूर – दगडू?

बाबा – चाक लागलं फक्त. रंगही गेला नाही.

जहूर – रंगाचं मी विचारलं नाही.

काव्या – आई त्या दिवसापासून आम्ही निघालो की दारात उभी राहते, शेवटचं वळण दिसेनासं होईपर्यंत. आधी ती दारात येत नव्हती.

बाबा – त्या पेंग्विनला काय झालंय? दोन थंड्या काढल्या तिच्यावर. डिसेंबर गेला, जानेवारी अर्धा गेला. फेब्रुवारीत कोण शेगडी पेटवतं?

काव्या – आपण. मागच्या वर्षी वीस फेब्रुवारीपर्यंत पेटवली. माझ्याकडे तारखा आहेत. सायन्स एक्झिबिशनला प्रोजेक्ट केला होता ना मी यावर, ‘डोंगरावरच्या घराची ऊब’. पाचशे मुलांसमोर माईकवर बोलले, चाचा. त्याआधी मी वर्गात ‘प्रेझेंट मिस’सुद्धा मनातल्या मनात म्हणायचे.

जहूर – आणि आता थांबत नाही.

काव्या – आता कशाला थांबू?

जहूर – बेटी, एक गोष्ट मला पण समजत नाही. हा माणूस रात्री चार वेळा उठतो, हे तू बघितलं? स्वतः?

काव्या – आई सांगते. का?

जहूर – कारण कॅम्पात तीन अलार्म लावून हा उठत नव्हता. एकदा इराणकडे भूकंप झाला, इकडे खाटा हलल्या. आम्ही सात माणसं लुंगीवर मैदानात. मोजलं तर सातच. आठवा वरच्या खाटेवर, तोंड उघडं. सकाळी विचारतो, रात्री कोणी माझी खाट हलवली.

काव्या – मग आता बिनअलार्मचे कसे उठतात?

बाबा – वय झालं. झोप कमी होते.

काव्या – मला माहितेय. सांगू? हे रात्री उठून मोबाईलवर इंग्लिश शिकतात.

बाबा – काहीतरीच.

काव्या – मग परवा नाश्त्याला मला विचारलंत, ‘ऑस्मोसिस म्हणजे काय गं.’ त्याच्या आदल्या आठवड्यात, ‘हायपोटेन्युज म्हणजे कुठलं गाव.’ कुठून येतात हे शब्द? आपल्या अरबाबच्या बकऱ्या तर बोलत नाहीत.

जहूर – हायपो… काय?

बाबा – मी चहा आणतो. करक तीन. साखर तुला किती रे हल्ली?

जहूर – जेवढी होती तेवढी. जा.

काव्या – बघितलंत? पळाले. प्रत्येक वेळी असंच. शेगडीचा विषय काढला की यांना चहा आठवतो, पाण्याची टाकी आठवते. चाचा, मी मस्करी करतेय असं वाटत असेल, पण रोज सातव्या वळणावर मी सीटचा पट्टा घट्ट धरून बसते. आधी मी गाडीत मस्त झोपायचे. आता जागी राहून बाबांशी बोलत राहते, काहीही, पाढेसुद्धा म्हणते.

जहूर – बस इकडे. त्या विटेवर बस. या शब्दांचं मला कळलं.

काव्या – काय कळलं?

जहूर – तू झोपेत बोलतेस.

काव्या – मी? नाही. म्हणजे… आई म्हणायची, लहानपणी बोलायचे.

जहूर – अजून बोलतेस. ते शब्द तुझे आहेत. तुझे बाबा तुझ्या तोंडून ऐकतात आणि सकाळी तुलाच विचारतात.

काव्या – तुम्हाला कसं माहीत?

जहूर – मला नाही माहीत असणार तर कोणाला? बेटी, आमची ड्यूटी सुटायची, कॅम्पात यायला रात्रीचे नऊ. तिकडे तुमच्या गावात साडेदहा. तू झोपलेली. रोज. वहिनी बोलायच्या, उठवते. हा बोलायचा, उठवू नको. मग बोलायचा, फोन जरा तिच्या नाकाजवळ धर.

काव्या – माझ्या नाकाजवळ?

जहूर – दहा मिनिटं. आणि याच्या मोबाईलचा कानाचा आवाज बिघडलेला, म्हणून स्पीकरवर. मग आम्ही काय करणार? टीव्ही बंद. पत्ते उलटे ठेवायचे. सुदेश कुकरची शिटी काढून हातात धरून बसायचा. कोणाला खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचा. आठ माणसं गप. बच्ची सो रही है.

काव्या – म्हणजे तुम्ही सगळ्यांनी माझं घोरणं ऐकलंय. अख्ख्या खोलीने. शी, चाचा.

जहूर – घोरणं कुठं? छोटी शिटी यायची. सर्दी झाली तर आम्हाला इकडे आधी कळायचं. शैलेंद्र बोलायचा, उद्या हिला आल्याचा काढा द्यायला सांग. आणि मध्येच तू बोलायचीस. एकदा बोललीस, ‘माशांना चप्पल नको.’ महिनाभर खोलीत तेच चाललं. फोरमन ओरडला की आम्ही हळूच बोलायचो, माशांना चप्पल नको.

काव्या – मला हे कोणीच सांगितलं नाही.

जहूर – त्यात सांगायचं काय? कोणी रेडिओ ऐकतो. आम्ही तुला ऐकत होतो. माझा पण मुलगा आहे तिकडे. तेव्हा आमच्या गावात नेटवर्क नव्हतं. मी पण तुझंच ऐकायचो.

काव्या – मला ना, विचित्र वाटतंय. मला वाटायचं, बाबा तेव्हा नव्हतेच. म्हणजे फोनवर होते, रविवारचे. अकरा वर्षांत पाच सुट्ट्या. दर वेळी आले की दोन दिवस मी आईच्या मागे लपायचे. मला वाटायचं त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नाही. आणि ते रोज…

जहूर – रोज. ईदला पण, दिवाळीला पण.

काव्या – मग आता तर मी त्याच खोलीत असते. मग कशाला जागतात?

जहूर – म्हणूनच जागतो. अकरा वर्षं फोन कानाशी धरला. आता नाकच समोर आहे. कोण झोपेल? लाकूड घालायला तो उठत नाही, बेटी. लाकूड बहाणा आहे. मोठी शेगडी आली तर कशाच्या नावाने उठणार?

काव्या – म्हणून दहा बाय दहा.

जहूर – म्हणून दहा बाय दहा.

बाबा – घ्या. सांडला थोडा. चहावाल्याकडे झाकणं संपली होती. काय गं, अशी का बसलीस?

काव्या – बाबा, हायपोटेन्युज हे गाव नाहीये.

बाबा – बरं.

काव्या – आणि मी झोपेत काय बोलते?

बाबा – जहूर, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

जहूर – तीळ नाही, हा तर दगड होता. किती वर्षं ठेवणार?

काव्या – सांगा ना. काय बोलते मी?

बाबा – काय बोलणार. शाळेचं. पहिल्या वर्षी गावचं बोलायचीस, विहीर, पाणी, म्हैस सुटली. आता सगळं इंग्रजी. मला समजत नाही, पण चाल समजते. तुझी परीक्षा असली की भरभर बोलतेस.

काव्या – आणि?

बाबा – आणि काही नाही. चहा निवतोय.

जहूर – सांग ना, दगडू. इथे कोण आहे? मी आणि ग्राइंडर.

बाबा – जागेपणी ही मला ‘तुम्ही’ म्हणते. आईला ‘तू’, मला ‘तुम्ही’. पाहुण्याला म्हणतात तसं. सवय नव्हती पोरीला. झोपेत मात्र ‘तू’ म्हणते. ‘बाबा, तू थांब ना.’ मागल्या गुरुवारी म्हणाली. तीन वाजले होते.

काव्या – मग तुम्ही काय केलंत?

बाबा – थांबलो.

काव्या – …चाचा, मोठी नको. राहू दे. पेंग्विनच ठीक आहे.

जहूर – हे बघ. आता ही पण गेली त्याच्या बाजूला. आणि सातवं वळण? त्याला कोण सांगणार, की हा माणूस प्रेमाने जागा होता, आज माफ कर?

बाबा – मी गाडी सावकाश चालवीन.

जहूर – झोपलेला माणूस सावकाश पण पडतोच, दगडू.

काव्या – आयडिया. मी फोन उशाशी ठेवून रेकॉर्ड करते. रात्रभर. सकाळी सगळं तयार, तुम्हाला हवं तेव्हा ऐका. झोप पण होईल आणि…

बाबा – रेकॉर्ड नको.

काव्या – का? क्लिअर येईल एकदम.

बाबा – फोनवर अकरा वर्षं ऐकलं गं.

जहूर – हं.

काव्या – सॉरी.

बाबा – सॉरी कशाला त्यात.

जहूर – आता दोघे गप बसा आणि लोखंडाचं ऐका. हा पाइप बघ, अठरा इंच, जाड. याच्यात हातभर लाकूड आडवं जातं. आणि बेटी, तू ज्याच्यावर बसलीस ना, ती भट्टीची वीट आहे. सिमेंटच्या भट्टीतून काढलेली, टाकून दिलेली. आतून सगळीकडे ही लावतो. लोखंड लवकर तापतं आणि लवकर विसरतं. वीट उशिरा तापते, पण मग विसरत नाही. रात्री नऊला समरचं, इथल्या बाभळीचं, लाकूड भर, खाली हवेची चकती अर्धी फिरव. बरोबर पहाटे पाचला तिला भूक लागणार. त्याच्या आधी नाही, नंतर नाही.

बाबा – पाचला?

जहूर – पाचला एकदाच उठायचं. तोपर्यंत आठ तास झोपायचं, भूकंप आला तरी. पोरगी उठते सहाला. पाच ते सहा तुझा टाइम. शेगडीसमोर बस, चहा पी, ऐक. आणि मुलं पहाटेच जास्त बोलतात, हे मी सांगतो, सुट्टीत माझ्या मुलाचं ऐकलंय.

काव्या – हे तुम्ही बनवू शकता? बरोबर पाचला भूक लागेल अशी?

जहूर – हवेच्या चकतीत भोकं किती ठेवायची, त्याच्यावर असतं सगळं. माझ्या बापाने आईसाठी अशी बनवली होती. फजरच्या नमाजला तिला उठायचं असायचं, तेव्हा घर गरम पाहिजे.

बाबा – आणि साडेचारला लागली भूक तर?

जहूर – तर अर्धा तास तुला जास्त. बोल, करू?

काव्या – बाबा, मी काहीच म्हणणार नाही. तुम्ही ठरवा.

जहूर – ही काहीच म्हणणार नाही. तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

बाबा – …अडीच खाटांची खोली आहे, जहूर. दोनला थोडी कमी रुंद. त्या हिशोबाने कर.

जहूर – यल्ला, चला. ग्लोव्ह्ज घाल. तू पण, बेटी, विटा दे एकेक. आणि बसवायला मी येणार पुढच्या रविवारी, वहिनींना सांग, भाकरी आणि तो लाल ठेचा. मजुरी खलास.

(अडीच आठवड्यांनंतर. डोंगरावरचं घर. संध्याकाळ सरली आहे, नवी शेगडी पेटली आहे.)

आई – हळू. चमचा खाली ठेव.

काव्या – झोपले?

आई – हात धुऊन भिंतीला टेकले आणि तिथेच आडवे झाले. नऊसुद्धा वाजले नाहीत. आज अरबाबचे पाहुणे होते ना, दिवसभर तंबू ठोकत होते.

काव्या – शेगडी कोणी भरली?

आई – मी. चकती अर्धी फिरवली, तुझ्या चाचाने दाखवली तशी. मला काय येत नाही होय?

काव्या – आई, हे पहिल्यांदाच होतंय ना? माझ्या आधी बाबा झोपलेत असं?

आई – पहिल्यांदाच. शेगडी बसवली तरी चार दिवस उठतच होते. एकला उठायचे, दार उघडून बघायचे, आत सगळं भरलेलं. मग बसून राहायचे, नैवेद्य आधीच दाखवून झालेल्या पुजाऱ्यासारखे. पाचव्या दिवशी तीनलाच उठले. मग सरळ पाचला. आता पाचला उठतात, चहा ठेवतात, आणि तुझ्या पलंगाच्या पायाशी ते प्लास्टिकचं स्टूल ओढून बसतात.

काव्या – तुला हे सगळं माहीत होतं. आधीपासून.

आई – मग? गावात फोन कोण धरायचं तुझ्या नाकाशी? हात भरून यायचा माझा. एकदा मलाच झोप लागली, फोन गादीवर पडला, तर सकाळपर्यंत चालू. बॅलन्स संपला यांचा.

काव्या – मला सांगितलं का नाहीस?

आई – तू तेव्हा लहान. नंतर मोठी झालीस आणि बोलायला लागलीस ती थांबेचनास. मला मध्ये बोलायला जागा कुठे?

काव्या – हे बरंय. आई, शेगडीच्या दाराची ती काच बघ ना. आत लाल दिसतं आणि खोलीच्या खिडकीवर त्याचं प्रतिबिंब. ढगात शेगडी पेटल्यासारखी दिसते. खाली ढग, त्याच्यात आपली शेगडी, आणि आपण तिच्या वर तरंगतोय. असं वाटतं की हे घर हळूच सुटेल डोंगरावरून आणि गावाला जाऊन येईल. आणि सकाळी परत इथे. बसच्या वेळेला.

आई – सोळा वळणं न घेता.

काव्या – सतरा.

आई – परवापासून गाडीत झोपतेस म्हणे.

काव्या – हो. बाबा स्वतःच गाणं म्हणत चालवतात. सातव्या वळणाला मी एक डोळा उघडते फक्त. उगाच.

आई – मी पण दारात उभी राहत नाही आता. थंडी वाजते.

काव्या – श्श. ते काही म्हणाले.

आई – झोपेत?

काव्या – काहीतरी पुटपुटले. ऐक.

आई – ‘वरची खाट माझी’ म्हणाले.

काव्या – कॅम्पात आहेत. स्वप्नात. आई, हसू नकोस ना, उठतील.

आई – हसत नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली. हे झोपेत बोलतात, हे मला आज कळतंय. सुट्टीवर यायचे तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं, कोण झोपतंय आणि कोण ऐकतंय. इथे आल्यावर हेच जागे. मला वाटायचं, पोरीने हे माझ्याकडून घेतलं.

काव्या – पांघरूण सरकलंय. थांब, मी घालते. …अंगावर घेतोस का, बाबा? हं. असं. झोप तू.

आई – काय म्हणालीस?

काव्या – काही नाही. किती वाजले?

आई – नऊला पाच कमी.

काव्या – तिकडे ड्यूटी सुटली असेल ना? कॅम्पात आले असतील सगळे?

आई – असतील. का? आता कुणाला फोन करतेस, ते उठतील.

काव्या – मी दबक्या आवाजात बोलते. जहूरचाचा? काव्या बोलतेय. नाही, नाही, शेगडी छान आहे. पाचला भूक लागते, कधी पाचला दहा कमी. नाही, कोणाला काही झालं नाही. चाचा, ऐका ना. तुमच्या खोलीत एवढा आवाज कसला आहे?

जहूर – क्रिकेट. शैलेंद्र हरतोय म्हणून ओरडतोय. बोल, काय झालं? तू अशी हळू का बोलतेस?

काव्या – बाबा झोपलेत.

जहूर – झोपला? आत्ता? नऊला?

काव्या – नऊच्या आधी. आणि बोलतायत. तुमच्याच खोलीतलं काहीतरी बोलतायत. मला वाटलं, तुम्ही ऐकाल का.

जहूर – …ए, टीव्ही बंद कर. बंद कर रे. सुदेश, ते कुकर गॅसवरून उतरव. नाही, काही वाईट नाही. दगडू झोपलाय. हां, आपला दगडू. बसा, बसा खाली सगळे. हां बेटी. झाले सगळे गप.

काव्या – स्पीकरवर आहे?

जहूर – स्पीकरवर आहे.

काव्या – येतोय आवाज?

जहूर – थोडा. जरा नाकाजवळ धर.